लटकतं चाक, दबलेलं चाक

ऑक्टोबर आला की मला हेमंतची आठवण येते आणि दात आपोआप आवळले जातात. लोकांना ऑक्टोबरात झेंडू आठवतो, सहामाही परीक्षा आठवते, उन्हानं होणारी काहिली आठवते. मला हेमंत. यंदाही तेच झालं. मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळाभर खोदकाम चालू होतं. डंपर जाऊन जाऊन मातीचा नुसता लगदा झाला होता. पाऊस गेला, दोन-चार दिवस कडक ऊन पडलं, आणि तो लगदा डंपरच्या चाकांचे ठसे पोटात धरून तसाच्या तसा वाळला. काल कॉलेजातून येताना माझा पाय त्यात मुरगळला. भाजीची पिशवी सावरत मी तिथंच उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘मेल्या हेमंता!’’ बाजूनं जाणाऱ्या माणसानं दचकून वळून पाहिलं. त्याचं नाव बहुतेक हेमंतच असावं.

चाकोरी हा शब्द आपण येता-जाता वापरतो. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचा विचार. भाषणात तर तो हमखास येतो. पण खरी चाकोरी पाहिलेली माणसं आता थोडीच. चाकांनी कोरलेली ती चाकोरी. ओल्या मातीत ती निरुपद्रवी असते, चाक तिच्यात रुततं, घसरतं, सगळे हसतात, कुणीतरी दोर आणतं. वाळली की तिचा दगड होतो. तिच्या कडा गुडघाभर उंच, तळ खडबडीत, आणि तिनं एकदा चाक धरलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी तिच्याच मनासारखी जाते. रविवारी सकाळी रस्ता सोडून डोंगरात गाड्या घालणारी आमची मंडळी स्वतःला चाकोरीबाहेरची समजायची आणि दर ऑक्टोबरात नेमकी चाकोरीतच अडकायची. तशाच एका ऑक्टोबरात आम्हीही अडकलो.

जीप माझी नव्हती, अविनाशची. अविनाश माझा नवरा. आर्किटेक्टच्या ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती आखत बसलेला, शांत, हळू बोलणारा, हॉटेलात आमटी खारट लागली तरी वेटरला ‘छान होती’ म्हणणारा माणूस. त्याला चाळिशी उलटल्यावर जुनी जीप घ्यायची हुक्की आली. मी म्हटलं घे. माणसाला एक तरी वेड असावं, नाहीतर तो नुसता सोसायटीच्या मीटिंगला जातो. जीप आली, तिचा रंग खरवडून नवा दिला गेला, आणि मुलुंडच्या त्या अरुंद पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरवाल्यांच्या शिव्या खात ती उभी राहिली. अविनाश तिच्याकडे असा बघायचा की मला माझ्या लग्नातले फोटो काढून बघावेसे वाटायचे. तसा तो माझ्याकडे एकातही बघत नव्हता.

रविवारी सकाळी बोरिवली, घाटकोपर, अंधेरीकडची बारा भानगडींची माणसं दहिसरचा चेकनाका ओलांडून पलीकडच्या एका खाजगी माळावर जमायची. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी वकील, कुणी रिटायर झालेलं. त्या सगळ्यांचा म्होरक्या हेमंत. बोरिवलीचा. अविनाशचा शाळेपासूनचा मित्र. काळा गॉगल, खिशाखिशांची पँट, आवाज असा की माळावर स्पीकर लागू नये. त्याला सगळे ‘सर’ म्हणायचे. का, ते देव जाणे. त्यानं उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. मी कित्येक वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, दिवसभर ‘मॅडम, मॅडम’ ऐकून माझे कान किटतात. पण त्या माळावर सर तो होता आणि मी वहिनी.

वहिनी हा तसा गोड शब्द आहे. माझ्या सख्ख्या दिरानं म्हटलेला मला अजून आवडतो. पण हेमंत तो शब्द असा वापरायचा, जसं कुणी दार लावून घ्यावं. गाडीबद्दल काही विचारलं की, ‘‘वहिनी, तुम्ही नका डोक्याला ताप करून घेऊ.’’ काही सुचवलं की, ‘‘वाः वहिनी!’’ आणि सगळे हसणार. मी त्याला भाऊजी म्हणायचे. तेवढी रीत माझ्या आईनं लावलेली.

जीप उंच करायची टूम त्याचीच. खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले, मोठी चाकं घातली, आणि जीप चांगली वीतभर वर उचलली गेली. वर उचललेल्या गाडीला जुने शॉकअप, म्हणजे पाट्यांची उसळी आवरणारी नळकांडी, पुरत नाहीत, ते आखूड पडतात, हे सगळ्यांना माहीत. आता नवे कोणते घ्यायचे? ह्यावर आमच्या पार्किंगमध्ये सभा भरली. हेमंत वाकला, उभ्या गाडीच्या चाकामागं हात घातला, आणि त्यानं शॉकअपची जागा चक्क विती लावून मोजली. खालच्या कडीपासून वरच्या कडीपर्यंत, अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी, वर चार बोटं. उठला आणि हात झटकत म्हणाला, ‘‘उंच गाडी, लांब शॉकअप. आणि कडक. एकदम कडक. सरळ हिशोब आहे, अवी.’’

मी खिडकीतून बघत होते. चहाचा ट्रे घेऊन खाली आले आणि विचारलं, ‘‘भाऊजी, ही तर उभ्या गाडीची लांबी झाली. चाक खाली लटकेल तेव्हा किती? आणि वर दबेल तेव्हा किती? शॉकअप पूर्ण मिटल्यावर मावायला नको?’’

हेमंतनं ट्रेमधला कप उचलला. ‘‘वहिनी, ते तुमचं पुस्तकातलं. इथं अनुभव चालतो.’’ मग अविनाशकडे वळून, ‘‘पोह्यांचं काय झालं रे?’’

अविनाश हसला नाही, कपातला चहा ढवळत राहिला. मी वर गेले आणि पोहे केले. त्यात मुद्दाम शेंगदाणे घातले नाहीत. त्या दिवशी मला सुचलेला सूड तेवढाच होता.

मला त्या दिवसांचे वास आठवतात. पार्किंगमधला ग्रीसचा वास, उन्हात तापलेल्या रबराचा वास, वाळत चाललेल्या गवताचा एक गोडसर कुबट वास असतो तो. माळावर गेलो की पायाखाली माती बिस्किटासारखी कडकड फुटायची. टाचणीएवढे किडे अंगावर बसायचे. सकाळचं ऊन आठ वाजताच पाठीवर चटके द्यायचं. हेमंतनं निवडलेले शॉकअप बसवल्यावरच्या पहिल्या रविवारी मी गाडीतून उतरून कडेला उभी होते, डोक्यावर ओढणी धरून. अविनाश जीप घेऊन उतारावर आला. वेग काही फार नव्हता. मला विचाराल तर बैल चालेल त्या वेगानं. पुढचं डावं चाक चाकोरीत उतरलं आणि समोरच्या कडेवर आपटून वर आलं.

आवाज आला. तो आवाज मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. लोखंडावर लोखंड. असा आवाज त्या जागी यायलाच नको, कारण चाक फार वर आलं तर ते रबराच्या ठोकळ्यावर टेकायला हवं. तो ठोकळा त्यासाठीच तिथं बसवलेला असतो. पण लांब शॉकअप त्याच्या आधीच पूर्ण मिटला होता, त्याला आणखी मिटायला जागाच उरली नव्हती, मग त्यानं तो सगळा धक्का सरळ वर चॅसिसला दिला, चॅसिसनं सीटला, आणि सीटनं माझ्या नवऱ्याच्या पाठीला. अविनाश हवेत उडाला आणि परत बसला. मग तो उतरलाच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. ‘‘अगं, उठता येत नाहीये,’’ एवढंच म्हणाला, तेही अगदी हळू, कुणाला त्रास नको म्हणून.

मणक्याला चीर. दिवाळी त्यानं पाठीवर पडून काढली. मी त्याला अंथरुणातच उटणं लावलं, ओल्या टॉवेलनं पुसलं, आणि चिवडा चमच्यानं भरवला, कारण मान उचलून खाता येत नव्हतं. बाहेर मुलं फटाके उडवत होती. प्रत्येक आवाजाला तो डोळे मिटायचा. घरात मलमाचा वास चकलीच्या वासात मिसळला होता. अजूनही चकली तळताना मला तो मलमाचा वास येतो, आणि मी अर्धवटच तळून उठते.

हे झालं शरीराचं. ते डॉक्टरांनी बरं केलं. पण त्याच दिवाळीत हेमंतनं जे केलं ते मी अजून पोटात ठेवून आहे. तो भेटायला आला होता, सुकामेव्याचा डबा घेऊन. खुर्चीत बसला, ‘‘काय यार अवी, वाट लावून घेतलीस,’’ म्हणाला, आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बाकीच्या दोघा-तिघांना सांगत उभा राहिला. मी कचऱ्याची बादली घेऊन जिन्यात होते. त्यानं मला पाहिलं नाही. ‘‘गाडी झकास होती. शॉकअप मी स्वतः निवडलेत. पण अवीचा हात कच्चा आहे ना. ऑफिसात रेघा मारणारा माणूस तो. चाकोरी दिसली की वेग तोडायचा असतो, एवढंही नाही कळलं त्याला.’’

हात कच्चा. दोनच शब्द. सगळ्या ग्रुपमध्ये ते पसरले. फोनवर चौकशी करणारे सुद्धा म्हणायचे, ‘‘काही हरकत नाही वहिनी, हात बसतो हळूहळू.’’ आणि ज्याच्या कानावर ते जाऊ नयेत म्हणून मी धडपडत होते, त्याच्याही कानावर ते गेले. अविनाशनं ते मान्य करून टाकलं. आमटी खारट नव्हती, आपलीच जीभ बिघडली असेल, तसं. ‘‘खरंय गं, माझंच चुकलं असणार. ब्रेक उशिरा लागला.’’ पाठ बरी झाली, डॉक्टरांनी गाडी चालवायला केव्हाच परवानगी दिली, पण हा माणूस चालकाच्या सीटवर परत बसला नाही. रिक्षात बसला तरी समोर खड्डा आला की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. जीपवर ताडपत्री टाकली. एके दिवशी म्हणाला, ‘‘विकून टाकू या.’’ तो ते म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यासाठी मी हेमंतला सोडणार नव्हते.

राग शांत होतो म्हणतात. ज्यांचा होतो त्यांचा होवो. माझा राग सुक्या कोळंबीच्या सोड्यांसारखा आहे. नीट वाळवून डब्यात भरला की वर्षभर टिकतो, आणि लागेल तेव्हा पाण्यात टाकला की परत टम्म फुगतो. मला हेमंतला मारायचं नव्हतं, त्याच्या गाडीची हवा काढायची नव्हती. मला एवढंच हवं होतं, की ज्या माणसांसमोर तो ‘अवीचा हात कच्चा’ म्हणाला, त्याच माणसांसमोर त्यानं म्हणावं की हात कच्चा नव्हता, शॉकअप चुकीचे होते, आणि ते मी निवडले होते. अविनाशच्या कानात हे शब्द हेमंतच्याच तोंडून पडायला हवे होते. माझ्या तोंडून त्याला ते पटत नव्हते. बायको म्हणजे बाजू घेणारच, असं त्याचं मत.

मग मी कामाला लागले. ते वर्ष माझ्या डोक्यात फक्त शॉकअप होते. वर्गात दोलनांचा धडा आला. स्प्रिंगला वजन टांगलं, खाली ओढलं, सोडलं, ते वरखाली होत राहतं. मग येतं अवमंदन, म्हणजे ती उसळी हळूहळू मारणं. हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की झोपेत शिकवीन. त्या वर्षी मात्र फळ्यावर आकृती काढता काढता माझा खडू मोडला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, रागावलात?’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्यावर नाही गं.’’

शॉकअपबद्दल लोकांचा पहिला घोळ हा, की तो गाडीचं वजन उचलतो. नावातच ‘अप’ आहे ना, मग काय! वजन उचलतात पाटे. शॉकअप वजनाला हातही लावत नाही. पाट्यानं उसळी घेतली की तिला आवरायचं, एवढंच त्याचं काम. आतल्या तेलाला लहान भोकांतून ढकलून तो उसळीचा जीव काढतो. दुसरा घोळ कडकपणाचा. कडक म्हणजे मजबूत, असं हेमंतसारख्यांना वाटतं. कडक शॉकअप चाकाला खाली येऊच देत नाही, खड्ड्यावरून चाक तसंच तरंगत जातं आणि जमीन सुटते. मऊ घेतला तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहते. दोन्हींच्या मध्ये, आपल्या गाडीच्या वजनाला आणि आपल्या वेगाला साजेसा, असा तो हवा. पण हे सगळं नंतरचं. सगळ्यात आधी लांबी. आणि ती उभ्या गाडीची नाही.

मी मोजली. शिवणाच्या मशीनमधला टेप घेतला. पार्किंगमध्ये रविवारी दुपारी ताडपत्री काढली, जॅक लावला, शॉकअप सोडवून बाजूला ठेवले, आणि जुना सलवार-कमीझ घालून गाडीखाली शिरले. एक चाक वर चढवलं, इतकं की ते रबरी ठोकळ्यावर जाऊन टेकलं. शॉकअप जिथं बसतो त्या दोन कड्यांमधलं अंतर मोजलं. शॉकअप पूर्ण मिटल्यावर ह्याच्याहून थोडा आखूडच हवा, म्हणजे धक्का रबर खाईल, लोखंड नाही. मग चाक खाली सोडलं, पार लटकू दिलं, परत अंतर मोजलं. शॉकअप पूर्ण उघडल्यावर ह्याच्याहून थोडा लांबच हवा, नाहीतर चाकाचा सगळा भार त्याच्या कडीला लोंबकळतो आणि कडी तुटते. लटकतं चाक आणि दबलेलं चाक. दोन मापं. बस्स. विती लावून ती निघत नाहीत. मग हेमंतनं निवडलेला, त्या आपटण्यात वाकलेला शॉकअप मोजला. मिटलेला असतानाही तो जागेपेक्षा लांब होता. मी गाडीखाली पडल्या पडल्या इतकी मोठ्यानं हसले की सोसायटीचे सेक्रेटरी खाली बघायला आले.

‘‘काय झालं मॅडम? लागलं का?’’

‘‘नाही हो. सापडलं,’’ मी म्हटलं.

दोन्ही मापांत बसणारे शॉकअप मिळायला वेळ लागला. कुर्ल्याला गेले, घाटकोपरला गेले. दुकानदार विचारायचे, ‘‘साहेब नाही आले?’’ मी म्हणायचे, ‘‘साहेबांचीच पाठ मोडलीये, म्हणून मी आलेय.’’ मग मुकाट्यानं माल दाखवायचे. एकानं तर सांगितलं, ‘‘लांबीचं कुणी विचारतच नाही बाई, सगळे रंग विचारतात.’’ मी शेवटी निवडले ते काळे होते, साधे, बिनचमकीचे. घरी आणून ठेवले तेव्हा अविनाशनं एकदा हातात घेतला, दाबून पाहिला, आणि परत खोक्यात ठेवला. ‘‘तू जा माळावर,’’ म्हणाला. ‘‘मला नको.’’

पुढच्या ऑक्टोबरात, माळ वाळल्यावरच्या पहिल्या रविवारी, नवे शॉकअप बसवून मी जीप काढली. घोडबंदर रोडनं एकटी गेले. मागं गोणपाटात गुंडाळलेला तो वाकलेला शॉकअप होता. रस्ताभर तो टणाटण वाजत होता आणि मला फार बरं वाटत होतं. माळावर सगळे चहा पीत उभे होते. हेमंतनंही मधल्या वर्षात नवी गाडी घेऊन उंच केली होती. लालभडक शॉकअप, लांबूनच दिसावेत असे. मला बघून त्यानं हात पसरले. ‘‘अरे वाः! वहिनी स्वतः! आज चहा कोण करणार मग?’’

मी जीप वळवली आणि त्याच उतारावर नेली, त्याच चाकोरीत घातली. चाक उतरलं, कडेवर आदळलं, वर आलं. ‘धप्’ असा आवाज झाला. रबराचा. गाडी एकदा उचलली गेली, एकदा बसली आणि गप्प झाली. मी परत आले, उतरले, आणि गोणपाट सोडून तो वाकलेला शॉकअप हेमंतच्या बॉनेटवर ठेवला. नव्या रंगावर ओरखडा उठला असेल तर उठू दे म्हटलं.

‘‘हेमंत,’’ मी म्हटलं. भाऊजी नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. ‘‘हा तू निवडलास. मिटलेला असताना जागेपेक्षा लांब आहे. मोजून बघ, टेप आणलाय.’’

‘‘वहिनी, रविवारी सकाळी हे काय काढलंत? झालं गेलं.’’

‘‘तुझं गेलं असेल. आता तुझ्या गाडीचं बघू. तो दगड दिसतोय ना, त्यावर पुढचं चाक चढव.’’

‘‘माझे शॉकअप एकदम परफेक्ट आहेत हां.’’

‘‘मग घाबरतोस कशाला?’’

ग्रुपमधले सगळ्यात म्हातारे साळवीकाका, मूळचे मालवणचे, चहाचा ग्लास खाली ठेवून पुढं आले. ‘‘चढव रे. टेप काय खोटा बोलता?’’

काकांच्या शब्दाला तो नाही म्हणू शकला नाही. चाक दगडावर चढलं, वर वर गेलं, आणि एका जागी अडकलं. लाल शॉकअप पुरता मिटला होता, गाडीचं वजन त्याच्यावर येऊन बसलं होतं, आणि रबरी ठोकळा अजून वरच होता. मध्ये फट. मी साळवीकाकांना म्हटलं, ‘‘काका, बोट घाला.’’ काकांनी वाकून फटीत बोट घातलं. मग दातांच्या डॉक्टरनं घातलं. मग वकिलानं. एकेक जण वाकत होता, बोट घालत होता आणि उठत होता. शेवटी मी हेमंतकडे बघितलं. त्यानं गॉगल काढला. वाकला. बोट घातलं. त्याचा चेहरा असा उतरला की तो मी फोटो काढून दिवाणखान्यात लावला असता.

‘‘सॉरी, वहिनी,’’ तो म्हणाला.

‘‘मला नको. अविनाशला फोन लाव. स्पीकरवर. आणि आमच्या पार्किंगमध्ये जे बोललास ते उलटं बोल.’’

त्यानं फोन लावला. सगळे गोल करून उभे होते. ‘‘अवी,’’ हेमंतचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता, ‘‘यार, तुझा हात कच्चा नव्हता. शॉकअप चुकीचे होते. मी निवडले होते. चूक माझी होती.’’

पलीकडून अविनाशचा तो सभ्य, मुलुंडचा आवाज आला. ‘‘अरे, जाऊ दे रे. होतं असं.’’

जाऊ दे रे! मला वाटलं फोन हिसकावून घ्यावा. आणि पुढं काय झालं माहितीये? लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमंतसाठी! ‘‘चूक मान्य करायला हिंमत लागते, सर!’’ कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले आणि तो भरल्या डोळ्यांनी चारी बाजूंना बघायला लागला, किती जण बघतायत ते. चहा संपायच्या आत तो सगळ्यांना शॉकअप कसे मोजायचे ते शिकवत होता. ‘‘लटकतं चाक आणि दबलेलं चाक, लक्षात ठेवा.’’ माझे शब्द! मी तडक जीपमध्ये बसले आणि निघाले.

घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. अविनाश गॅलरीत बसला होता, फोन अजून मांडीवर. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. ‘‘जाऊ दे? जाऊ दे म्हणालास तू त्याला? मी वर्षभर गाडीखाली पडून मापं घेतली आणि तू जाऊ दे?’’

त्यानं फोन मांडीवर उपडा केला.

‘‘स्पीकरवर होता गं फोन,’’ तो म्हणाला. ‘‘सगळे ऐकत होते. तोंडातून आपोआप निघालं.’’ तो उठला. खुर्चीच्या हाताला धरून, जसा तो हल्ली उठायचा. ‘‘वर्षभर मी झोपेत ब्रेक मारतोय. रोज त्या उतारावर जातो आणि रोज ब्रेक उशिरा लागतो. तुला माहितीये? आणि मी त्या हरामखोराला जाऊ दे म्हणालो.’’

लग्नाला इतकी वर्षं झाली, अविनाशच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदा ऐकली. कानाला इतकी गोड लागली.

‘‘किल्ली कुठाय?’’

‘‘कसली?’’

‘‘जीपची. बोरिवलीला जाऊ या. दुपारी जेवायला घरी येतो तो, मला माहितीये. समोर बसवून सांगतो.’’

तो कठडा धरून जिना उतरला. मी मागं होते. जीपच्या दाराशी तो क्षणभर थांबला, मग उजव्या बाजूनं चढला, स्टिअरिंगमागं. सीट पुढं ओढली, आरसा हलवला, जो मी सकाळी माझ्या उंचीला लावला होता. सोसायटीच्या गेटपाशी गतिरोधक आहे, उंचच्या उंच, सगळे त्याला शिव्या देतात. त्याच्यावर तो अगदी सावकाश गेला. जीप उचलली गेली, बसली. त्याचा पाय ब्रेकवर नव्हता, मी बघितलं. चेहऱ्यावरून मला काहीच कळत नव्हतं, आणि विचारायची मला भीती वाटत होती.

हमरस्त्याला लागल्यावर मी फोन काढला. ‘‘हेमंतला कळवू का, येतोय म्हणून?’’

‘‘खबरदार कळवलंस तर,’’ अविनाश म्हणाला आणि गिअर टाकला. ‘‘पळून जाईल तो.’’